काम गेलं तर तोटा एकट्या घरानं का सोसायचा?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमचे वडील विट्यात यंत्रमागावर होते. स्वस्त कापड बाहेरून यायला लागलं, नवे वेगवान माग आले आणि त्यांचे साधे माग भंगारात गेले. मोठा भाऊ कुपवाड एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतून भाग बनवणाऱ्या कारखान्यात, चौदा वर्षं फेटलिंगला आहे. तिथं आता मोल्डिंगची, म्हणजे साचे बनवायची, स्वयंचलित लाइन आणि ग्राइंडिंगचा रोबो आलाय, त्याच सुमारास परदेशातली एक मोठी ऑर्डर चीनकडे गेली, आणि भावासकट काही जणांना पुढच्या महिन्यापासून येऊ नका असं तोंडी सांगितलंय. भाऊ बेचाळीस वर्षांचा. तुम्ही विचारताय की अशा वेळी समाजानं नेमकं काय करायचं: यंत्रं अडवायची, रोबोवर कर लावायचा, प्रत्येकाला दरमहा पैसे द्यायचे, की ‘कौशल्य वाढवा’ म्हणून मोकळं व्हायचं?

मी सांगलीत कामगार कायद्याची वकिली करते. माझे बहुतेक पक्षकार कामगार आहेत, काही छोटे कारखानदारही आहेत. त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजूंचं बोलणं रोज कानावर पडतं. अर्थतज्ज्ञ याहून वेगळं उत्तर देतील. माझं उत्तर कागदपत्रं घेऊन समोर बसलेल्या माणसांवरून आलेलं आहे.

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न मिसळलेत. यंत्र यावं का, हा एक. आल्यावर होणारा तोटा कुणाच्या अंगावर पडावा, हा दुसरा. चर्चा पहिल्यावरच रंगते, आणि माणसं मोडतात ती दुसऱ्यामुळे.

फेटलिंगचंच घ्या. कास्टिंगवरचा, म्हणजे ओतून काढलेल्या नगावरचा, जादाचा धातू आणि चिकटलेली वाळू घासून काढायचं हे काम. दिवसभर ग्राइंडरचा हादरा हातात, कानठळ्या बसवणारा आवाज आणि नाकातोंडात सिलिकाची धूळ. छाती एकदा सिलिकोसिसनं धरली की ती परत पूर्वीसारखी होत नाही. ते काम माणसानं म्हातारपणापर्यंत करावं म्हणून मी न्यायालयात भांडणार नाही. कारखानदार जे सांगतो त्यातही तथ्य असतं. ग्राहकाला प्रत्येक नग सारखा हवा असतो, मालात थोडी चूक निघाली तर सगळा लॉट परत येतो, आणि यंत्र घेतलं नाही तर पुढची ऑर्डरही जाते. मग दहा जणांऐवजी शंभर जणांचं काम जाईल. विजेवरच्या गाड्यांना इंजिनच लागत नाही, तेव्हा इंजिनाच्या भागांवर उभ्या असलेल्या फाउंड्र्यांना पुढे वेगळा माल शोधावाच लागणार. तेव्हा सरसकट बंदी हे उत्तर मला मान्य नाही.

पण ‘यंत्रामुळे शेवटी सगळ्यांचं भलंच होतं’ हे वाक्यही मी भावासारख्या माणसासमोर उच्चारू शकत नाही. फायदा खरा असतो, तो पसरतो. पंप थोडा स्वस्त होतो, निर्यात टिकते, मालकाचा नफा वाढतो, बँकेचा हप्ता वेळेवर जातो. तोटा मात्र पसरत नाही. तो बामणोलीतल्या, नाहीतर मिरजेतल्या एका भाड्याच्या घरावर सगळाच्या सगळा येऊन पडतो. म्हैसाळ उपसा योजनेचं कृष्णेचं पाणी आपोआप दुष्काळी जतकडे चढलं नाही. त्यासाठी टप्प्याटप्प्यानं पंप बसवावे लागले आणि त्यांच्या विजेचा बराचसा खर्च सरकारी तिजोरीतून करावा लागतो. फायद्यातला वाटा तोटा सोसणाऱ्यापर्यंत पोचवायचा असेल तर तशीच व्यवस्था मुद्दाम उभारावी लागते, आणि ती माणूस कोरडा पडायच्या आत चालू व्हावी लागते.

हा ‘आत’ फार महत्त्वाचा आहे. काम गेल्यावर घरात काय होतं ते सांगते, कारण योजना आखणाऱ्यांना ते क्वचितच ठाऊक असतं. पहिला महिना शिल्लक आणि भिशीवर निघतो. दुसऱ्या महिन्यात पतसंस्थेचा हप्ता थकतो, जामीनदार दारात येतो. माणूस सकाळी डबा घेऊन बाहेर पडतोच, कारण गल्लीत कळू द्यायचं नसतं. तिसऱ्या महिन्याच्या आसपास बायको बचत गटातून किंवा मायक्रोफायनान्सकडून कर्ज काढते, आधी एक, मग ते फेडायला दुसरं. आठवड्याचा हप्ता असतो आणि वसुलीला येणारा माणूस गटातल्या इतर बायकांसमोर नाव घेतो. सहाव्या महिन्यापर्यंत मुलीचं शिक्षण थांबवायचं बोलणं सुरू होतं. त्यानंतर तुम्ही त्याला कितीही चांगलं प्रशिक्षण देऊ केलंत तरी तो बसू शकत नाही, कारण आज संध्याकाळी पाचशे रुपये हवे असतात. मग तो मिळेल ते हंगामी काम धरतो, आणि चौदा वर्षांची कारागिरी तिथंच संपते.

म्हणून माझं म्हणणं असं की समाजाची कसोटी पहिल्या सहा महिन्यांत लागते. त्या काळात घर तगलं तर माणूस पुढचं बरंचसं स्वतः निभावतो.

अर्थात घराघरात फरक असतो. गावाकडे दोन एकर बागायत असलेला कामगार वेगळा, भूमिहीन वेगळा. कायम कामगार वेगळा, ठेकेदाराकडचा वेगळा. तीस वर्षांचा अविवाहित मुलगा पुण्याला जाऊ शकतो, बेचाळीसचा माणूस आईवडील आणि शाळेतली मुलं सोडून कुठं जाणार? तुमच्या भावाचं कर्ज किती, ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा, कापला जातो का, वहिनी कमावतात का, हे मला माहीत नाही. त्यावर सल्ला बदलेल.

आपल्या भागानं हे दुखणं आधी पाहिलंय. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. त्यात अडीच लाखांच्या आसपास कामगार होते, आणि शिराळा, पाटण, जावळी अशा तालुक्यांतल्या कितीतरी घरांची चूल त्या पगारावर पेटत होती. गिरण्यांची यंत्रं जुनी झाली होती, काम यंत्रमागांकडे सरकत होतं, जमिनीचे भाव चढत होते. सगळा दोष संपावर टाकणं मला बरोबर वाटत नाही. पण हजारो माणसं ट्रंक घेऊन गावी परतली तेव्हा त्यांच्यासाठी कुठलीच व्यवस्था तयार नव्हती. घरकुलांच्या सोडती निघाल्या त्या दशकांनंतर, कितीतरी जणांच्या वारसांच्या नावावर. मदत झाली, पण ज्याला हवी होती त्याच्या हयातीत झाली नाही.

आणि ह्याच भागानं उत्तरंही शोधली आहेत. ती आपण विसरतो याचं मला खरंच वाईट वाटतं. रोजगार हमीची सुरुवात आपल्या तासगाव तालुक्यात झाली. विधान परिषदेचे सभापती असलेल्या वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये विसापूर इथं प्रयोग केला: जो काम मागेल त्याला काम द्यायचं, आणि ते काम गावाच्या कायमच्या उपयोगाचं असायला हवं. १९७२ च्या दुष्काळात ती कल्पना राज्यभर कामाला आली, १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. देशाचा कायदा आला तो २००५ मध्ये. यातली पैशाची बाजू तर मला सगळ्यात मोलाची वाटते. त्या खर्चासाठी १९७५ पासून राज्यात व्यवसाय कर लावला गेला. म्हणजे शहरातल्या पगारदाराच्या पगारातून दरमहा थोडी रक्कम कापायची आणि खेड्यातल्या बिनकामाच्या माणसाला काम द्यायचं. ज्यांचं बरं चाललंय त्यांनी, ज्यांचं बुडालं त्यांच्यासाठी, कायद्यानं ठरवून दिलेलं देणं. तुमच्या स्वतःच्या पगारपत्रकात तो कर आजही दिसेल.

दुसरं उदाहरण माथाडींचं. पाटण तालुक्यातल्या अण्णासाहेब पाटलांनी मुंबईत हमालांची संघटना बांधली आणि १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला. हमालाला एक मालक नसतो, आज या पेढीवर, उद्या त्या. कायद्यानं मंडळं नेमली, कामगार आणि मालक दोघांची नोंदणी केली, आणि मजुरीवर ठरावीक टक्के लेव्ही, म्हणजे आकार, मालकानं मंडळात भरायची असं ठरवलं. त्यातून भविष्यनिर्वाह निधी, रजा, बोनस, दवाखाना. मालक बदलला तरी हक्क माणसाबरोबर राहतो. आज ठेकेदार बदलत राहणारे फाउंड्रीतले कामगार, डिलिव्हरीची पोरं, या सगळ्यांना असंच मंडळ हवंय. या कायद्याच्या नावाखाली काही ठिकाणी खंडणीही चालते हे मला माहीत आहे, कारखानदार पक्षकार ते सांगतात आणि खोटं सांगत नाहीत. त्यावर पोलिसांनी कारवाई करावी. पण त्यासाठी मंडळांची कल्पनाच मोडीत काढायचं कारण नाही.

तिसरं अजून घडतंय, उसाच्या फडात. आपल्या साखर पट्ट्यात बीडकडून टोळ्या येतात, मुकादमाकडून उचल घेऊन. आता तोडणी यंत्रं वाढताहेत. आपल्याकडे तुकडे लहान, सऱ्या अरुंद, म्हणून वेग कमी आहे, पण सरकार यंत्राला अनुदान देतंय, तेव्हा ती येणारच. ऊसतोड कामगारांच्या कल्याणासाठी जे महामंडळ आहे त्याला कारखान्यांनी गाळपाच्या उसावर प्रतिटन १० रुपये द्यायचे आणि तेवढीच भर सरकारनं घालायची असं ठरलं. अंमलबजावणीबद्दल माझ्या तक्रारी आहेत, पण हिशोबाची पद्धत बघा. आकारणी टनावर आहे, कोयत्यावर नाही. ऊस हातानं तुटो की यंत्रानं, दहा रुपये जमा व्हायलाच हवेत. माथाडीची लेव्ही मजुरीवर असल्यामुळे मजूर कमी झाले की निधीही आटतो. टनावरची आटत नाही.

रोबोवर कर लावावा का, याचं माझं उत्तर इथूनच येतं. रोबो म्हणजे काय हे ठरवण्यातच वर्षं जातील. संगणकावर चालणारं सीएनसी यंत्र रोबो का? अर्धस्वयंचलित लाइन किती रोबो? वकिलांना भरपूर काम मिळेल, कामगाराला काही नाही. त्यापेक्षा उत्पादनावर, टनामागे किंवा उलाढालीमागे, अगदी थोडी आकारणी करा आणि तो पैसा त्या त्या धंद्यातल्या माणसांच्या बेरोजगारीच्या काळासाठी बांधून ठेवा. फाउंड्रीच्या धंद्यात कास्टिंगच्या टनावर हे सहज मोजता येतं. छोट्या कारखान्याला सूट द्यावी लागेल, आणि आकारणी देशभर सारखी हवी, नाहीतर काम सांगलीतून दुसऱ्या राज्यात जाईल.

सगळ्यांना दरमहा रक्कम द्यावी, ही कल्पना चांगल्या मनातून आलेली आहे. पण हिशोब करून बघा. १४० कोटी लोकांना महिना हजार रुपये म्हटलं तरी वर्षाला सोळा-सतरा लाख कोटी होतात. केंद्राचा अख्खा अर्थसंकल्प पन्नास लाख कोटींच्या आसपासचा. आणि हजार रुपयांत तुमच्या भावाचं काय भागणार? मला त्यापेक्षा हे पटतं की ज्याचं काम गेलं त्याला सहा महिने ते वर्षभर त्याच्या पगाराच्या निम्म्याहून जास्त रक्कम मिळावी, आणि तीही अर्ज केल्यावर पंधरा दिवसांत.

इथं एक खबरदारी घ्यायला हवी. मदत देताना ‘काम यंत्रामुळे गेलं की आयातीमुळे’ असं विचारू नये. अमेरिकेत १९६२ पासून आयातीमुळे काम गेलेल्यांसाठी वेगळी योजना होती. तिच्यात कारण सिद्ध करावं लागायचं. २०२२ मध्ये तिची मुदत संपली आणि नव्यांना दार बंद झालं. तुमच्याच भावाचं बघा: रोबो आला म्हणून, ऑर्डर गेली म्हणून, की गाड्यांचं इंजिन बदलतंय म्हणून? तिन्ही एकात एक गुंतलंय. कारण शोधत बसलात तर भाऊ फक्त दाखले गोळा करत फिरेल.

आपल्याकडे आज काय आहे तेही सांगते, कारण ते लोकांना माहीतच नसतं. कामावरून कमी करताना पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षासाठी पंधरा दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून द्यावा लागतो. पगार १८,००० धरला तर चौदा वर्षांचे २१० दिवस, म्हणजे सात महिने, सव्वा लाखाच्या पुढे. ग्रॅच्युइटी त्याहून वेगळी. ईएसआयमध्ये काम गेलेल्यांसाठी भत्त्याच्या योजना आहेत. कारखाना बंद पडला किंवा कामगार कपात झाली तर, वर्गणीच्या अटी पुऱ्या होत असतील तर, पहिलं वर्ष पगाराच्या निम्मा आणि दुसरं वर्ष पाव भत्ता मिळण्याची तरतूद आहे. शाखेत जाऊन सध्याच्या अटी विचाराव्यात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या. त्यात कपात झालेल्या कामगारासाठी मालकानं पंधरा दिवसांचा पगार पुनर्कौशल्य निधीत भरायचा आणि तो पंचेचाळीस दिवसांत कामगाराच्या खात्यावर जमा व्हायचा, असं आहे. तत्त्व योग्य आहे, रक्कम तोकडी आहे. १८,००० पगारावर नऊ-दहा हजार. त्यात घर चालवायचं की शिकायचं? हा निधी किमान तीन महिन्यांच्या पगाराचा असायला हवा. त्याच संहितांनी सरकारच्या परवानगीशिवाय कपात न करण्याची अट शंभरऐवजी तीनशे कामगारांच्या कारखान्यांपुरती ठेवली, म्हणजे कुपवाड-मिरजेतले बहुतेक कारखाने तिच्याबाहेर. संरक्षण सैल करायचं असेल तर आधार तितकाच घट्ट हवा, इथं तो झालेला नाही.

शिकण्याबद्दल. ‘बेचाळीसचा माणूस काय शिकणार’ असं तुम्ही लिहिलंय. मी त्याच्याशी सहमत नाही. न शिकण्याचं कारण वय नसतं, रिकामा खिसा आणि भलताच अभ्यासक्रम ही कारणं असतात. फेटलिंगवाल्याला तीन महिन्यांचा कॉम्प्युटर कोर्स देऊन दाखला हातात दिला तर तो फ्रेम करून भिंतीवर लावेल, दुसरं काही होणार नाही. कास्टिंग हातात घेताच कुठं भेग जाईल हे त्याला कळतं. त्याला तपासणी, रोबोसाठी नग पकडणारं फिक्स्चर लावणं, डिस्क बदलणं, हायड्रॉलिक्सची देखभाल शिकवा. हे यंत्र यायच्या आधी, त्याच शेडमध्ये, पगार चालू असताना शिकवलं तर सगळ्यात चांगलं जमतं. मी ज्या तडजोडी घडवून आणल्या त्यात ज्यांना असं आधी शिकवलं गेलं ती माणसं टिकली. बाहेर काढल्यावर शिकवलेल्यांपैकी फार थोडी त्या धंद्यात परत आली. म्हणून माझी मागणी अशी की कपात होईल असा यंत्रबदल करायचा असेल तर आजची एकवीस दिवसांची नोटीस पुरेशी नाही, सहा महिने हवेत. लाइनची ऑर्डर दिल्यापासून ती बसेपर्यंत तेवढा वेळ जातोच. मालकाला तारीख ठाऊक असते, कामगाराला नसते. आणि आयटीआयच्या कार्यशाळा संध्याकाळी उघड्या ठेवायला फार पैसे लागत नाहीत.

जे शिकूनही परत जाऊ शकत नाहीत, पन्नाशीपुढचे, छाती गेलेले, त्यांच्यासाठी शहरात रोजगार हमी हवी. केरळनं २०१० मध्ये शहरांसाठी अशी योजना सुरू केली. सांगलीला दर काही वर्षांनी कृष्णेच्या पुराचा गाळ उपसायला, नाले मोकळे करायला, शाळा दुरुस्त करायला माणसं लागतातच. विसापूरचं तत्त्व महापालिकेच्या हद्दीत का चालू नये?

आता भावाबद्दल, कारण समाज बदलेपर्यंत महिना उलटेल. त्याला सांगा, राजीनाम्यावर सही करू नकोस. माझ्याकडे येणाऱ्या प्रकरणांत सगळ्यात जास्त नुकसान याच एका सहीनं झालेलं असतं. ऑफिसात बोलावतात, चेक दाखवतात, ‘सही कर आणि लगेच घेऊन जा’ म्हणतात. तो चेक बहुतेक वेळा ग्रॅच्युइटीचा असतो, आणि ती राजीनामा दिला तरी मिळणारच असते. सहीनं मात्र कपातीची भरपाई जाते, पुनर्कौशल्य निधी जातो आणि ईएसआयचा भत्ताही बहुधा जातो, कारण कागदावर तो स्वतःहून गेलेला असतो. तोंडी सांगितलंय ना, मग त्यानं रोज वेळेवर गेटवर जावं. आत घेतलं नाही तर त्याच दिवशी ‘मी कामावर हजर झालो, मला प्रवेश दिला नाही’ असं पत्र स्पीड पोस्टानं पाठवावं आणि पावती जपावी. सगळे मिळून गेलात तर आणखी चांगलं. नेमणुकीचं पत्र, पगाराच्या स्लिपा, पीएफचं पासबुक आणि ईएसआय कार्ड एका पिशवीत ठेवा. पतसंस्थेत हप्ता थकायच्या आधी जाऊन मुदत वाढवून मागा, थकल्यावर कुणी ऐकत नाही. आणि वहिनींना नवं कर्ज काढू देऊ नका, निदान भरपाईचा आकडा कळेपर्यंत तरी.

तो ठेकेदाराच्या हजेरीवर असेल तर आधी ईएसआयची वर्गणी खरंच भरली गेलीय का ते बघा. स्लिपवर कपात दिसते आणि भरणा झालेला नसतो, असं पुष्कळदा निघतं. तसं असेल तर मूळ कारखान्यावरही जबाबदारी येते, तो दावा वेगळा करावा लागतो. अशा दाव्यांना मुदती असतात, तेव्हा हे काम याच आठवड्यात करा.